‘क्रमशः’ची उपेक्षा: विज्ञानचित्रकथामालिका आणि मराठी समीक्षा

१९९० साली रत्नागिरीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले; मधु मंगेश कर्णिक त्याचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी ‘टाइम्स ऑफ इंडिया’ समूहाची, १९६४ पासून चालत आलेली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही चित्रकथामालिका बंद पडली. पहिल्या घटनेची नोंद मराठी वाङ्मयेतिहासात आहे. दुसरीची नोंद करावयाची झालीच, तर ती कोणत्या प्रकरणात आणि कोणत्या शीर्षकाखाली करावी, हे त्या इतिहासाला ठरवता येणार नाही. बालसाहित्यात करावी, तर मालिकेचे वाचक केवळ बालक नव्हते. अनुवादात करावी, तर मराठी आवृत्तीच्या अनुवादकांची नावे वाचकांना कधी ठाऊक झाली नाहीत. विज्ञानसाहित्यात करावी, तर त्या दाराशी उभे असलेले समीक्षक आधी वैज्ञानिक अचूकतेचा दाखला मागतात. आठशेहून अधिक अंक निघालेली, मासिक, मग पाक्षिक आणि पुढे साप्ताहिक झालेली, सव्वीस वर्षे मराठीतही वाचली गेलेली एक मालिका अशा रीतीने वाङ्मयविचाराच्या नकाशाबाहेर राहिली.

या उपेक्षेचा दोष समीक्षकांच्या आळसाला देणे सोपे आहे. परंतु आळसाने एखादी कृती दुर्लक्षित राहते. एक संपूर्ण वाङ्मयप्रकार आणि त्याच्या वाचनाची रीत अदृश्य व्हायची असेल, तर त्यामागे एखादे तत्त्व काम करीत असावे लागते. ते तत्त्व कोणते, आणि त्याची किंमत मराठीने काय मोजली, हे पाहणे अगत्याचे आहे.

१

मराठी समीक्षेने मूल्यमापनाचे एकक म्हणून नेहमी पूर्ण झालेली कृती स्वीकारली. मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथाने संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे सौंदर्याच्या मुळाशी असल्याचे प्रतिपादन केले. कृतीतील समतोल सांगायचा तर तिचे सर्व घटक एकाच वेळी दृष्टीसमोर असावे लागतात. ज्या कृतीचा पुढचा भाग अद्याप लिहिलाच गेलेला नाही, तिच्या समतोलाविषयी काय बोलणार? मर्ढेकरांचा सिद्धांत ज्यांनी नाकारला, त्या जीवनवाद्यांनी, मार्क्सवाद्यांनी आणि देशीवाद्यांनीही हे एकक मात्र बदलले नाही. वाद झाला तो पुस्तकात काय असावे याविषयी. बांधलेले, संपलेले पुस्तक हेच परीक्षणाला पात्र, याविषयी सर्वांचे मौन एकमत राहिले.

हे एकमत मराठीच्या स्वतःच्या इतिहासाशी विसंगत आहे. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध झाली. यमूची कहाणी तिच्या पहिल्या वाचकांपर्यंत एका बैठकीत पोहोचली नाही. दोन हप्त्यांच्या मधल्या दिवसांत ती घरोघर बोलली गेली असणार. अभ्यासक्रमातील सलग आवृत्ती वाचणाऱ्या विद्यार्थ्याला याची गंधवार्ताही नसते. त्याही मागे जावे. चातुर्मासात श्रीधराचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ लावला, की दिवसाला ठरावीक अध्याय वाचून पोथी बासनात गुंडाळली जाई. त्या दिवसाची कथा जेथे थांबे, तेथून ती श्रोत्यांबरोबर घरी जाई. मराठी श्रोत्याला पुढचा अध्याय उद्या, हे सांगावे लागत नसे. समीक्षेला मात्र ‘क्रमशः’ हा शब्द आजही संपादकाच्या सोयीची खूण वाटतो.

वोल्फगांग ईझर या जर्मन मीमांसकाने वाचनप्रक्रियेतील रिक्त जागांचा विचार करताना हप्त्यांनी प्रसिद्ध होणाऱ्या कादंबरीकडे मुद्दाम लक्ष वेधले होते. कथा नेमकी कोठे तोडली आहे, यामुळे वाचकाची कल्पनाशक्ती कामाला लागते आणि तोच मजकूर सलग वाचताना ती तितकी लागत नाही, असे त्याचे निरीक्षण आहे. ईझरचे नाव मराठी समीक्षेत पुष्कळ घेतले गेले. त्याच्या या निरीक्षणाचा उपयोग मात्र मराठी वाचकाच्या प्रत्यक्ष वाचनावर क्वचितच करून पाहिला गेला.

चित्रकथामालिकेत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण तेथे कथा संपते पण मालिका संपत नाही. ‘इंद्रजाल’च्या अंकात बहुधा एक कथा पुरी होई, लांबलेली कथा दोन किंवा अधिक अंकांत विभागली जाई. परंतु नायक, त्याचे सोबती, त्याचे शत्रू आणि ते ज्या जगात वावरतात ते जग पुढच्या अंकासाठी शिल्लक राही. उम्बेर्तो एकोने १९६२ मधील सुपरमॅनविषयक निबंधात अशा नायकाचा पेच दाखवला आहे: त्याने काही केले की तो मृत्यूच्या दिशेने एक पाऊल सरकतो, आणि मालिकेला तर तो झिजून चालत नाही. म्हणून त्याचा काळ धूसर ठेवावा लागतो. ली फॉकने १९३६ मध्ये निर्मिलेल्या वेताळाने या पेचातून काढलेली वाट लक्षणीय आहे. तेथे मरतो तो माणूस, पदवी मरत नाही. मुखवट्याआड एकविसावा पुरुष उभा असतो. हा कथनशास्त्रातला गंभीर प्रश्न आहे. तो सहा आण्यांच्या की सहा रुपयांच्या पुस्तकात आला, याने त्याचे गांभीर्य कमी होत नाही.

२

मालिकेचा मागोवा घेणारा वाचक म्हणजे नेमके काय करणारा वाचक? रत्नागिरीचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्णांशाने सुरू झाली. म्हणजे ‘इंद्रजाल’च्या उभ्या हयातीत या शहरात आगगाडी नव्हती. मुंबईत छापले गेलेले जग येथे घाटवळणांच्या रस्त्याने येई. बोटीची वाहतूक पावसाळ्यात बंद असे, आणि रस्त्यावर दरड कोसळली की रस्त्याचेही काही खरे नसे. एस.टी. स्थानकावर अंक केव्हा येईल आणि आला तर किती प्रती येतील, याची शाश्वती नव्हती. एक प्रत आळीभर फिरे.

अशा ठिकाणी मधला अंक चुकणे हा अपवाद नव्हे, तो नियमच. तो चुकला की वाचकापुढे तीन कामे उभी राहत. मागील अंकात काय घडले ते आठवणे. पुढील अंकात जे घडलेले दिसते त्यावरून मधल्या घटनांचे अनुमान करणे. आणि काही महिन्यांनी तो चुकलेला अंक एखाद्या रद्दीच्या दुकानात किंवा मामाच्या गावी सापडला, की आपले अनुमान ताडून पाहणे. स्मरण, अनुमान आणि पडताळा या तीन क्रिया सजग वाचनाच्या आहेत. ज्या समीक्षेने विज्ञानसाहित्याकडून वैज्ञानिक दृष्टीच्या प्रसाराची अपेक्षा केली, तिला हे दिसले नाही की विज्ञानचित्रकथेचा तालुक्याच्या गावचा वाचक, कथेतील विज्ञान कितीही कच्चे असले तरी, अनुमान बांधण्याची आणि ते मोडण्याची सवय स्वतःला लावून घेत होता.

या वाचकाला ‘पलायनवादी’ म्हटले गेले. पळणारा माणूस वाट पाहत नाही. हा वाचक आठवडेच्या आठवडे वाट पाहत होता.

३

मराठी विज्ञानकथेची प्रतिष्ठा ज्या मार्गाने स्थापित झाली, त्या मार्गाचा येथे विचार करणे भाग आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ असे टोपणनाव घेऊन ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि ती पहिली आली. त्यानंतर नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांच्या लेखनाने मराठीत विज्ञानकथेचे स्थान निर्माण केले. २०२१ मध्ये नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले, तेव्हा या प्रकाराला मिळालेली मान्यता परिपूर्ण झाली. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कार्याचे मोल कमी लेखण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

प्रश्न आहे तो या मान्यतेसोबत रूढ झालेल्या निकषाचा. विज्ञानकथेतील विज्ञान बिनचूक असावे, ते निदान आजच्या ज्ञानाशी विसंगत नसावे, आणि कथेने वाचकाला शहाणे करावे, असा हा निकष आहे. प्रबोधनाच्या परंपरेला तो साजेसाच होता. परंतु त्याने विज्ञानकथेचा आकृतिबंधही ठरवून टाकला. एक वैज्ञानिक कल्पना, तिचे स्पष्टीकरण करणारा एखादा तज्ज्ञ, तिच्यातून उद्भवणारा पेच आणि शेवटी उलगडा, हा लघुकथेला आणि दिवाळी अंकाला मानवणारा घाट आहे. अशा कथेतील जग कल्पना सांगून झाली की मिटते. वाचकाला त्या जगात पुन्हा जाता येत नाही, कारण तेथे राहण्याजोगे काही बांधलेलेच नसते. कादंबऱ्या लिहिल्या गेल्या, काही उत्तमही. पण एका कादंबरीत उभे केलेले परग्रहावरचे राज्य दुसरीत पुढे चालले, तिसरीत कोसळले, असे मराठीत सहसा घडले नाही.

ॲलेक्स रेमंडने ७ जानेवारी १९३४ रोजी सुरू केलेल्या ‘फ्लॅश गॉर्डन’मध्ये विज्ञान जवळजवळ नाही, हे प्रथमच मान्य करावे. एक भटका ग्रह पृथ्वीवर आदळायला निघतो, डॉक्टर झारकॉव्ह घरच्या घरी बांधलेल्या अग्निबाणातून नायक-नायिकेला त्या ग्रहावर नेतो, आणि तेथे श्वास घेता येण्याजोगी हवा असते! मराठी विज्ञान परिषदेच्या परीक्षकांनी ही कथा पहिल्या पानावर परत पाठवली असती, आणि ते त्यांच्या जागी योग्यच ठरले असते. परंतु मोंगो या ग्रहाला भूगोल आहे. आर्बोरियाचे अरण्य, फ्रिजियाचे हिमराज्य, पंख असलेल्या माणसांचे आकाशातील नगर, समुद्रतळीचे राज्य. त्यांच्यातील तह, द्रोह आणि सोयरिकी. एका रविवारी दिसलेला प्रदेश कित्येक महिन्यांनी पुन्हा येतो, तेव्हा वाचक तो ओळखतो. पुढे १९५१ पासून डॅन बॅरीने ही मालिका चालवली, तेव्हा हॅरी हॅरिसनसारख्या विज्ञानकथाकाराने तिच्यासाठी संहिता लिहिल्या आणि तिचा नायक अधिकाधिक अवकाशयात्री होत गेला. पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने चुकीचे, पण आपल्या नियमांशी इमान राखणारे, दीर्घकाळ टिकणारे जग उभारणे हे कल्पनाशक्तीचे काम आहे, आणि ते साहित्याचे काम आहे. मराठी समीक्षेने गुण दिले ते उत्तराच्या बिनचूकपणाला. जग रचण्याचा रकाना तिच्या गुणपत्रिकेत नव्हताच.

४

दुसरा आक्षेप परकेपणाचा. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘टीकास्वयंवर’ने, योगायोगाने १९९० मध्येच, देशीवादाला ग्रंथरूप अधिष्ठान दिले. त्या दृष्टीने पाहता न्यूयॉर्कच्या ‘किंग फीचर्स’ने विकलेली, गोऱ्या नायकांची ही चित्रे म्हणजे वसाहतीचा नवा माल. आक्षेप वजनदार आहे. परंतु तो घेणाऱ्यांनी मराठी अंक उघडून पाहिला असता, तर देशीपणाविषयीच काही महत्त्वाचे त्यांच्या हाती लागले असते.

‘फँटम’ मराठीत ‘वेताळ’ झाला. रात्री फिरणारा, मरण नसलेला, दुर्जनांना शासन करणारा रक्षक ही कल्पना कोकणाला अपरिचित नव्हती. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच असलेल्या आरवलीचा वेतोबा रात्री गावाच्या रक्षणासाठी हिंडतो, त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला नव्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. ज्या मुलाच्या घरी या वहाणांची गोष्ट सांगितली जात होती, त्याच्या हाती ‘वेताळ’ पडला, तेव्हा जे घडले ते अनुकरण नव्हते. एक परकी आकृती येथल्या दैवताच्या घरात उतरली होती. अनुवादकाने, जाणून वा न जाणून, सहाशे पानांच्या प्रबंधाला पुरेल एवढे काम एका शब्दात केले.

आणि फ्लॅश गॉर्डन? तो फ्लॅश गॉर्डनच राहिला. येथे मालिकेतील सर्वांत बोलकी वस्तुस्थिती आहे. भूतकाळातून येणाऱ्या नायकाला मराठीने तत्काळ नाव दिले. भविष्याकडून येणाऱ्याला तिच्याजवळ नाव नव्हते. शब्दांचा तुटवडा होता असेही नाही. ‘अग्निबाण’, ‘अवकाशयान’, ‘उपग्रह’, ‘परग्रह’ हे शब्द वृत्तपत्रे सर्रास वापरीत होती. १९७५ मध्ये ‘आर्यभट्ट’ कक्षेत गेला होता, १९८४ मध्ये राकेश शर्मा अंतराळात जाऊन आले होते. उणीव होती ती अशा पुरुषाच्या प्रतिमेची, ज्याला मराठी मन भविष्यात आपला म्हणून ओळखील. १९७६ मध्ये आबिद सुरतींनी ‘इंद्रजाल’साठी ‘बहादुर’ हा भारतीय नायक निर्माण केला, तोही डाकूंशी लढणारा होता. देशी नायकाला घोडा आणि बंदूक मिळाली. अवकाशयान मिळाले नाही. देशीवादाला खरोखर झोंबायला हवा होता, तो हा प्रश्न.

भाषेच्या अंगानेही या अंकांकडे पाहावयास हवे होते. इंग्रजी चित्रकथेतील संवाद मोठ्या लिपीत, एकाच उंचीच्या अक्षरांत लिहिले जातात. देवनागरीला शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार यांसाठी जागा लागते. म्हणून तेवढ्याच फुग्यात कमी ओळी मावतात. शिवाय मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. संवाद दोन फुग्यांत तुटला, तर काय घडले ते दुसऱ्या फुग्यापर्यंत कळत नाही. या दोन अडचणींतून तोकड्या वाक्यांचे, उद्गारांचे, बोलीजवळचे एक मराठी गद्य घडत होते. ज्या काळात नवकथेच्या निवेदनशैलीवर परिसंवाद झडत होते, त्या काळात हे गद्य दर आठवड्याला छापले जात होते, आणि त्याच्या घडणीचा प्रश्न कोणाही शैलीवैज्ञानिकाला सुचला नाही.

५

समीक्षेच्या मौनाने अभिरुचीचे रक्षण झाले, असा एक समज आहे. वस्तुतः त्या मौनाने वाचकाला निःशस्त्र ठेवले. ‘फ्लॅश गॉर्डन’चा नायक येल विद्यापीठात शिकलेला, पोलो खेळणारा, सोनेरी केसांचा पुरुष आहे, त्याचा शत्रू सम्राट मिंग. मिंगचे नाव, दाढी आणि वेष ही पाश्चात्त्य मनातील ‘पीत संकटा’च्या भीतीची चित्रलिपी आहे. आशियातील मुले आशियाई चेहऱ्याच्या जुलमी राजाचा पाडाव गोऱ्या माणसाच्या बाजूने पाहत होती. हे त्यांना कोणी सांगायचे होते? तुच्छ मानलेल्या कृतीची चिकित्सा होत नाही, आणि चिकित्सा न झालेली कृती तुच्छ ठरवल्याने निरुपद्रवी होत नाही.

या बाबतीत प्रकाशनसंस्था समीक्षेपेक्षा अधिक जागी होती, हे कबूल करताना संकोच वाटतो. वेताळाच्या मूळ कथांतील ‘बंगाला’ हा देश भारतीय आवृत्तीत ‘डेंकाली’ झाला आणि ‘सिंग’ या चाच्यांच्या टोळीचे ‘सिंगा’ केले गेले. बंगाल आणि शीख समाज यांच्याकडे अंगुलिनिर्देश होऊ नये, ही सावधगिरी त्यात उघड दिसते. हेतू व्यापारी असेल. पण मजकूर कोण वाचणार, त्याला तो कसा लागणार, हा विचार त्यात आहे. संहिता, वाचक आणि सत्ता यांच्या संबंधांवर चर्चासत्रे भरविणाऱ्या विद्यापीठीय समीक्षेने जे केले नाही, ते एका संपादकाने दोन नावे बदलून केले.

६

या सर्वांचा हिशेब आता मांडता येतो. ‘इंद्रजाल’ बंद पडली, तेव्हा मराठीतून एक वाचनसवय उठून गेली, आणि तिची जागा मराठीत दुसऱ्या कशानेही घेतली नाही. मालिकेचा मागोवा घेण्याची भूक मात्र कोठे गेलेली नाही. रत्नागिरीच्या महाविद्यालयात मराठी शिकणारा आजचा विद्यार्थी १९९७ पासून चाललेली ‘वन पीस’ ही जपानी चित्रकथा भ्रमणध्वनीवर वाचतो, तिच्या शेकडो प्रकरणांतले धागे त्याला मुखोद्गत असतात, आणि ती तो इंग्रजीतून वाचतो. वर्गात त्यालाच ‘कथानक म्हणजे काय’ हे एका पाच पानी कथेवरून शिकवले जाते. त्याच्याजवळ जे कथनज्ञान आहे, त्याला मराठीत परिभाषा नाही. जी परिभाषा त्याला दिली जाते, ती त्याच्या कथनानुभवाला लागू पडत नाही. मराठी वाचत नाहीत म्हणून या पिढीला बोल लावण्यापूर्वी हे अंतर कोणी निर्माण केले, ते पाहिले पाहिजे.

करता येण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. १८२८ मध्ये स्थापन झालेले नगर वाचनालय ज्या शहरात आहे, त्या शहराला छापील मजकूर जपणे म्हणजे काय, हे निराळे सांगावे लागू नये. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या ग्रंथालयांनी घराघरांतील ट्रंकांत उरलेले मराठी अंक मागून घ्यावेत, बांधावेत, दाखल नोंदवहीत त्यांना क्रमांक द्यावा. अनुवादकांची नावे हयात माणसांच्या स्मरणातून गोळा करण्याची मुदत संपत आली आहे; विद्यापीठांच्या मराठी विभागांनी ते काम एखाद्या संशोधकावर सोपवावे. आणि समीक्षेने ‘क्रमशः’ ही वाङ्मयीन कोटी म्हणून स्वीकारून तिची मीमांसा करावी: हप्ता कोठे तुटतो, विराम काय करतो, न संपणाऱ्या कथेचे मूल्य कशाने ठरते. आपट्यांच्या कादंबरीपासून दूरचित्रवाणी मालिकेपर्यंत मराठी कथनाचा फार मोठा प्रदेश या एका शब्दाच्या पलीकडे पडून आहे.

‘फ्लॅश गॉर्डन’ची दैनिक चित्रपट्टी अनेक वर्षांच्या खंडानंतर २२ ऑक्टोबर २०२३ रोजी डॅन श्केड या चित्रकाराने पुन्हा सुरू केली. १९३४ मध्ये आरंभलेली कथा नव्वदीच्या उंबरठ्यावर पुढे चालू लागली. रत्नागिरीत जो वाचक एस.टी. स्थानकावर तिच्या पुढच्या अंकाची वाट पाहत असे, तो आज साठीच्या घरात असेल. त्याला ती वाचायची असेल, तर इंग्रजीत वाचावी लागेल. मराठीत तिचा पुढील अंक छत्तीस वर्षांच्या आसपास येणे राहिला आहे, आणि तो का आला नाही, असे विचारणारा समीक्षकही अजून यावयाचा आहे.